सामान आमचं, घर नंदूचं

सोयाबीन निघालं की आमच्या भागाला कुटाराचा वास येतो. थ्रेशरच्या तोंडातून उडालेलं ते भुसकट कुठंही सापडतं, शर्टाच्या कॉलरमध्ये, जीपच्या सीटवर, चहाच्या कपातसुद्धा. शेलूबाजारच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते, ज्याच्या त्याच्या तोंडी भाव असतो, आणि आमच्या गावची पोरं कुदळी-फावडी घेऊन मैदानाकडे निघतात. पावसाळ्यात तिथं गवत माजलेलं असतं. ते उपटायचं, माती खणायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून मुरू द्यायचं आणि मग रोलर फिरवायचा. त्या ओल्या दाबलेल्या मातीचा वास कुटाराच्या वासात मिसळला की कबड्डीचा हंगाम लागला म्हणून समजा. त्यासाठी मला कधी कॅलेंडर बघावं लागलं नाही.

पूर्वी हा वास आला की मी नुसता खूश व्हायचो. आता आधी नंदू आठवतो. नंदूनं मंडळाची वेबसाईट नेली ती नेलीच, पण माझा हा वासही नासवून ठेवला, याचा मला जास्त संताप येतो. वासानं त्याचं काय घोडं मारलं होतं?

नंदू म्हणजे आमच्या क्रीडा मंडळाचा जुना कप्तान, आणि माझा मित्र. पहिलीपासून एका बाकावर बसलेलो, एकाच विहिरीत पोहायला शिकलेलो. तो शिकून पुण्याला गेला, तिथं त्यानं वेबसाईट बनवायची स्वतःची कंपनी काढली. मी शेलूबाजारला संगणकाचा क्लास काढला आणि मंडळाचा सचिव झालो. सचिव म्हणजे काय, तर चुन्याच्या फक्कीपासून पंचांच्या शिट्टीपर्यंत जे कुणी आणत नाही ते आणणारा माणूस.

तो हंगाम मला अजून लख्ख दिसतो. तुरीला पिवळा फुलोरा आला होता, हरभरा नुकताच वर डोकावत होता, आणि आमच्या गावाला वेबसाईटचं खूळ लागलं होतं. खूळ कशाला म्हणू, गरजच होती. सोयाबीन निघालं की आमची अर्धी टीम ऊसतोडीला जाते. जी पोरं मैदान खणतात, त्यांनाच पुढचे सामने दिसत नाहीत. तिकडे उसाच्या फडातून त्यांचे फोन यायचे, "भाऊ, काय झालं? कोन जिंकलं? पकड कोनी केली?" एकेकाला सांगता सांगता माझा घसा बसायचा. एक जागा असावी, तिथं आम्ही इकडून लिहावं आणि त्यांनी तिकडून वाचावं, एवढंच हवं होतं.

मी पोरांना समजावलं, की वेबसाईट म्हणजे बाहेरून दिसतं ते. आत लिहायला, फोटो लावायला, ते जागच्या जागी ठेवायला एक व्यवस्था लागते, तिला सीएमएस म्हणतात. ती आधी निवडावी लागते. आमचे जुने पंच रहीमचाचा, ते टेलर आहेत, आमच्या बनियनवरचे नंबर तेच शिवतात. त्यांना लगेच कळलं. म्हणाले, "म्हणजे शटर एक, अन् आतले खण दुसरे. गिऱ्हाइकाले शटर दिसते, आपल्याले खण पाह्यजे." मी क्लासमध्ये पोरांना अख्खा तास घालून जे शिकवतो ते चाचांनी बटण लावता लावता सांगून टाकलं.

दोन खण समोर होते. एक जगभर चालणारी, फुकटातली, कुणाचीही मालकी नसलेली व्यवस्था. तिला थोडं शिकावं लागतं, तिची डागडुजी करत राहावी लागते, आणि दिसायला ती, खरं सांगतो, सुरुवातीला सरकारी फलकासारखी दिसते. पण जागा सोडायची झाली तर आपलं सगळं बांधून दुसरीकडे नेता येतं. दुसरी व्यवस्था नंदूच्या कंपनीची. तो स्वतः ती दाखवायला पुण्याहून आला होता. मोठा लॅपटॉप, पांढरे बूट. मराठीत सगळं, गुणफलक तयार, खेळाडूंची चकचकीत कार्डं, चढाईचे गुण टाकले की बेरीज आपोआप. पोरं माशांसारखी त्या पडद्याला चिकटली.

"नाव पण मीच घेऊन देतो वेबसाईटचं," नंदू म्हणाला. "तुमी कायले त्या भानगडीत पडता?"

नाव म्हणजे वेबसाईटचा पत्ता. तो कुणाच्या नावानं घेतलाय, यावर सगळं असतं. पण आमच्या गावात शिकलेल्या माणसाच्या नावावर वस्तू ठेवायची रीत आहे. भजनी मंडळाचा भोंगा मास्तरांच्या नावावर, पाण्याची मोटर ग्रामसेवकाच्या नावावर. कागदाची कटकट आली की शिकलेला पुढे, आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. मला त्या दिवशी खटकलं.

मी विचारलं, "नंदू, एक सांग. उद्या तुया घरातून निघायचं म्हटलं, तं आपलं सामान बाहेर काढता येते काय?"

जे हसले सगळे! रहीमचाचासुद्धा हसले. "घरातून कायले निघायचं बे?" पोरं ओरडली. नंदू तर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "गज्या, तू तं लेका माह्याकडून भाडेचिठ्ठीच लिहून घेशील!" म्हणाला. मीही हसलो. पण उत्तर त्यानं दिलं नाही. आज विचार करतो तेव्हा वाटतं, इतकं सफाईदार हसणं मी पुन्हा कुणाचं ऐकलं नाही.

आमच्या मंडळात हात वर करून मतदान होत नाही. निर्णय मैदानात होतो. सगळे मधल्या रेषेच्या एका बाजूला उभे राहतात, आणि ज्याला प्रस्ताव पटला तो रेषा ओलांडून पलीकडे जातो. ही रीत कुणी पाडली कुणास ठाऊक, पण तिच्यात एक मेख आहे. मागे राहिलेला माणूस सगळ्यांना दिसतो. त्या संध्याकाळी नंदूची व्यवस्था घ्यायची म्हणून एकेक करत सगळे पलीकडे गेले. अलीकडे मी एकटा. ताज्या रोलरच्या मातीवर माझीच सावली लांबच लांब पडलेली.

"गज्या, तिकडं एकटा शोभत नाहीस," नंदू हसत म्हणाला. "ये."

गेलो. मित्राच्या समोर असं प्रतिपक्षासारखं किती वेळ उभं राहणार माणूस?

आणि पुढचे हंगाम, खोटं कशाला बोलू, फार सुखाचे गेले. मी मैदानाच्या कडेला बाकड्यावर बसायचो, मांडीवर मोबाइल, एका हाताला शेंगदाणे. चढाई झाली की गुण टाकायचा. इकडे टाळी वाजायची, आणि क्षणात तिकडून उसाच्या फडातून निरोप यायचा, "वा रे पठ्ठे!" रिसोडला सामने असले की एसटीत बसल्या बसल्या मी अहवाल लिहायचो. असे लिहायचो की, अहाहा! कुणाची पकड फसली, कुणाचा श्वास सुटला, कुणाच्या आईनं बाहेरून काय शिव्या घातल्या, सगळं. थेट त्या खणात लिहायचो. वेगळं उतरवून ठेवायचं कधी सुचलंच नाही. घरातलं धान्य कुणी शेजाऱ्याकडे पुन्हा मोजून ठेवतं का?

लोक जुने फोटो घेऊन यायचे. रहीमचाचांनी त्यांच्या धाकट्या भावाचा, सलीमचा, फोटो आणला. आमच्या मंडळाचा तो एकेकाळचा सगळ्यात वेगवान चढाईपटू. तापानं गेला, ऐन उमेदीत. फोटो पुतण्याच्या मोबाइलमध्ये होता, तिथूनच आम्ही तो चढवला, आणि पुढे तो मोबाइल विहिरीत पडला. फोटोखाली काय लिहायचं यावर चाचांनी बराच वेळ घेतला. शेवटी म्हणाले, "लिही. सलीम. पाय जमिनीले लागत नव्हते." मी तसंच टाइप केलं. नंतर चाचा दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी भाऊ दाखवायचे आणि मग माप घ्यायचे.

मागच्या हंगामात, कुटाराचा वास अजून हवेत असताना, प्रल्हादचा फोन आला. प्रल्हाद आमच्या टीमचा उजवा कोपरा सांभाळणारा, तेव्हा ऊसतोडीला सोलापूरकडे गेलेला.

"भाऊ, आपली वेबसाईट उघडली तं नंदूभाऊचीच अकादमी दिसून राह्यली. आपलं मंडळ कुठी गेलं?"

मी म्हटलं, चुकून दुसरं काही उघडलं असेल याच्याकडून. क्लासच्या संगणकावर पत्ता टाकला. पत्ता तोच. रंग तेच. वर मंडळाचं नाव होतं तिथं नंदूच्या नावाची कबड्डी अकादमी. आमचंच मैदान, आमचाच रोलर, आमचीच माती, आणि खाली, 'आमची वाटचाल'. आमची! मी रात्रंदिवस खपून लिहिलेले अहवाल गायब होते. त्यातली दोन-चार चांगली वाक्यं उचलून त्यानं स्वतःच्या मनोगतात घातली होती. सलीमचा फोटो होता, त्यावर अकादमीचा आडवा शिक्का मारलेला. त्याच्याखाली लिहिलं होतं, 'ग्रामीण गुणवत्तेचा शोध'.

मी माझा पासवर्ड टाकला. चुकीचा आहे म्हणाला. पुन्हा टाकला. मी क्लासमध्ये पोरांना सांगतो की पासवर्ड चुकला तर घाबरायचं नाही, शांतपणे पुन्हा टाकायचा. शांतपणे पुन्हा टाकला. मी चुकलो नव्हतो, त्यानं मला काढून टाकलं होतं.

फोन लावला. नंदूनं उचलला, हे त्याचं धाडस म्हणायचं.

"अरे गजानन, बोल," तो म्हणाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं मला गजानन म्हटलं. तेवढ्यावरच मला पुढचं सगळं कळायला हवं होतं.

"नंदू, मंडळाची वेबसाईट कुठी हाये?"

"अरे, ती तर तिथंच आहे ना. फक्त आता मोठं स्वरूप दिलंय. पुण्यात अकादमी सुरू करतोय मी. लोकांना एक गोष्ट हवी असते, मातीतून आलेला माणूस वगैरे. तुम्हालाही फायदाच आहे त्यात, गावाचं नाव होतंय."

"गावाचं नाव कुठी लिहिलं त्यात?"

"खाली टाकू कुठंतरी."

"आमचं आमाले वापस दे. फोटो दे, लिहिलेलं दे, पत्ता मंडळाच्या नावावर कर. बाकी तू तुयी अकादमी काढ, मी हार घेऊन येतो उद्घाटनाले."

"हे बघ गजानन, तू भावनिक होतोयस. पत्ता माझ्या नावावर आहे, सिस्टीम माझी आहे. आणि त्यातून असं सगळं बाहेर काढायची सोयच मी ठेवलेली नाही. तुला तर माहीत होतं हे. तूच विचारलं होतंस ना तेव्हा?"

म्हणजे त्याला माझा प्रश्न आठवत होता! हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या त्या माणसानं तो प्रश्न नीट ऐकला होता, उत्तर त्याच्याजवळ तेव्हाही होतं, आणि त्यानं ते हसण्याखाली दाबलं होतं. चोरी झाली याचं एवढं काही नाही हो. चोरी परका करतो, आपण कुलूप बदलतो. पण याला आधीपासून माहीत होतं. माझ्याच बाकावर बसून माझ्याच डब्यातलं खाल्लेला माणूस मला 'ये' म्हणाला, तेव्हाही त्याला माहीत होतं.

रहीमचाचांना सांगायला गेलो तर ते पायमशीन थांबवून ऐकत राहिले. मी शिव्या द्यायला लागलो तसं म्हणाले, "गाली नोको देऊ. अमानत होती ते, भरोशानं ठेवलेली. अमानतमध्ये खयानत केली त्यानं, याच्यापेक्षा मोठी गाली कोनती अजून?" मग हळूच विचारलं, "सलीमचं नाव काहून पुसलं असंल रे? नावाचं काय वजन होतं त्याले?"

गावात लोक काय बोलले ते काय सांगू. काही जण म्हणाले, जाऊ दे, आपलाच पोरगा मोठा होऊन राह्यला. एक जण म्हणाला, तूच सचिव होता, तुलेच कळाले पाह्यजे होतं. रेषा ओलांडून सगळ्यात आधी पळालेला हाच माणूस. त्याला मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण समाधान फार झालं.

आता यंदाचा हंगाम. पुन्हा कुटार, पुन्हा ओली माती. आम्ही ती फुकटातली, कुणाची नसलेली व्यवस्था घेतली. दिसते ती अजून फलकासारखीच. आठवड्याला तिला काहीतरी दुखतं, मग मी बसतो तिचं औषधपाणी करत. पत्ता मंडळाच्या नावावर आहे. चाव्या दोघांकडे असाव्यात म्हणून मी रहीमचाचांना पासवर्ड सांगायला गेलो, तर ते कानावर हात ठेवून ओरडले, "मले नोको सांगू! मी सगळ्या गिऱ्हाइकाले सांगून देईन!" शेवटी प्रल्हादला दिला. पण जुनं काहीच नाही तिच्यात. सलीम नाही. माझे अहवाल नाहीत. पूर्वी मी सगळ्यांसाठी लिहायचो, आता लिहिता लिहिता प्रत्येक वाक्याची एक प्रत बाजूला ठेवतो. विश्वास गेला म्हणजे काय होतं हे लोक फार मोठ्या शब्दांत सांगतात. माझ्यापुरतं एवढंच झालं, की काम दुप्पट झालं आणि मजा गेली.

आणि एक गोष्ट राहिली. नंदूची माय.

ती गावातच राहते, एकटी. नंदू वर्षातून एखाद्या वेळी येतो, आला तरी चपला न काढल्यासारखा. बाजाराच्या दिवशी ती शेलूबाजारला भाजी घ्यायला येते आणि परतीची जीप भरेपर्यंत माझ्या क्लासमध्ये बसते. चहा पिते. मग म्हणते, "नंदूचं ते दाखव ना रे गजा." मी मोबाइलवर वेबसाईट उघडून देतो. आधी आमची उघडायचो, त्यात नंदू असायचा. आता त्याची उघडतो, त्यात तोच असतो. तिला फरक सांगितला नाही. कसा सांगणार? माझं भांडण तिच्या पोराशी आहे, तिच्याशी नाही. पण दर बाजाराला स्वतःच्या हातानं ते पान उघडून द्यायचं म्हणजे जिवावर येतं. ती म्हणते, "किती मोठं केलं पोरानं सगळं," आणि मी म्हणतो, "हो, काकू."

गेल्या बाजारालाही आली. पान उघडलं तर वर नवा फोटो लावलेला. नवा म्हणजे जुनाच. इंझोरीचं मैदान आम्ही मारलं त्या दिवशीचा. मातीनं माखलेला नंदू, तोंडभर हसू. मी पाहिला आणि मान वळवली. काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीकसारीक सगळं दिसतं. तिनं मोबाइल नाकाजवळ नेला.

"इंझोरी हाये ना हे? तवा तं तू बी होता. मी भाकरी बांधून देल्ल्या होत्या दोघाले." तिनं बोटानं फोटो इकडे तिकडे सरकवला. "तू कुठी हायेस रे?"

"मी फोटो काढून राह्यलो होतो, काकू," मी म्हणालो. इतकं झटकन आलं तोंडातून.

"बरं," ती म्हणाली. पण मोबाइल खाली ठेवला नाही. कबड्डीत पकड करायला साखळी धरतात, शेजारच्याचं मनगट आपल्या मुठीत घट्ट. फोटो कापणाऱ्याला सगळा माणूस काढता आला होता, मनगटावरची मूठ काढता आली नव्हती. काठावर नंदूचा हात होता, आणि त्या हातावर आणखी एक हात, कोपरापाशी संपलेला.

"मंग हा हात कोनाचा?"

त्या हाताची करंगळी वाकडी आहे. सरावात मोडली होती, तेव्हा हळद-चुन्याचा लेप लावून, बांबूची कामटी बांधून ती याच बाईनं सरळ करायचा प्रयत्न केला होता. मी चहाचा कप धरून समोर बसलो होतो. तिनं मोबाइलकडे पाहिलं, मग कप धरलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. बाहेर जीपवाला गावाचं नाव घेऊन ओरडत होता. ती उठली नाही.

"अजून कोनाकोनाले कापलं त्यानं?" तिनं विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. सलीमचं नाव सांगितलं, अहवाल सांगितले, फोनवर तो काय बोलला ते सांगितलं. ऐकून झाल्यावर पदरानं मोबाइलची काच पुसली, माझ्यासमोर टेबलावर पालथा ठेवला आणि भाजीची पिशवी उचलली.

"आता मले ते नोको दाखवत जाऊ," ती म्हणाली, आणि जीपमध्ये जाऊन बसली.